पहारा आणि फितुरी : मूत्रपिंडरोपणानंतरच्या कर्करोगाचा इतिहास



नळदुर्गात उभे राहून इतिहासावर बोलावयाचे आणि किल्ल्याचे नावही काढावयाचे नाही, हे औचित्याला सोडून होईल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेला पाणीमहाल, नर आणि मादी हे त्याचे दोन धबधबे, दूरवरचा मुलूख न्याहाळणारा उपळी बुरूज, हे सारे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. माझा आजचा विषय वैद्यकशास्त्राच्या इतिहासातला आहे. तरी किल्ल्याची आठवण काढतो, कारण तिच्यावाचून हा विषय मला नीट मांडता येणार नाही. किल्ला तटाने राखला जातो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो पहाऱ्याने राखला जातो. पहारेकऱ्याची कामे दोन. बाहेरच्या परक्याला आत येऊ द्यावयाचे नाही, हे एक. आणि आतला कोणी फितूर झाला तर त्याला वेळीच धरावयाचे, हे दुसरे. आपल्या शरीरातही असाच पहारा अहोरात्र चालू असतो. त्याला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो.

आता अशी कल्पना करा की, किल्ल्यातली रसद संपली आहे आणि एका परक्याला आत घेतल्यावाचून किल्ला तगत नाही. पहारेकरी तर त्याला पाहताक्षणी कापून काढणार. मग पहारेकऱ्यांना थोडी अफू दिली. परका आत आला, रसद मिळाली, किल्ला वाचला. पण त्या गुंगीत आतल्या फितुराचे काय झाले? आणि त्या किल्ल्यात फितुरी पिढीजात चालत आली असेल तर? मूत्रपिंडरोपण, कर्करोग आणि दुर्मिळ आनुवंशिक रोग या तिघांचे नाते या दाखल्यात सामावलेले आहे. ते माणसाच्या ध्यानात कसे आले, त्याची हकीकत सांगावयाची आहे.

मूत्रपिंड हे मुठीएवढे इंद्रिय. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की रक्तात विष साचते आणि माणूस काही दिवसांत जातो. विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, रक्त गाळण्याचे यंत्र उभे केले. त्याच यंत्राचे वंशज आज गावोगावी डायालिसिस करतात. पण यंत्राला बांधलेले आयुष्य म्हणजे आठवड्यातून दोनतीनदा इस्पितळाची वारी आणि पाण्याच्या प्रत्येक पेल्याचा हिशेब. ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड लाभते तो या बंधनातून सुटतो.

हे रोपण प्रथम यशस्वी झाले ते २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेतील बॉस्टन शहरी. रोनाल्ड हेरिक या तरुणाचे मूत्रपिंड डॉक्टर जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा भाऊ रिचर्ड याला बसविले. ते दोघे एकाच बीजापासून झालेले जुळे होते आणि यशाचे रहस्य यातच होते. पहारेकऱ्याने पाहिले तर आत येणारा चेहरा घरच्याच माणसाचा. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी एका भावाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता, आणि तो रुजला तेव्हाच ते पुढे गेले. रिचर्ड आणखी आठ वर्षे जगला. परंतु जुळा भाऊ घेऊन जन्माला येण्याचे भाग्य किती जणांचे? इतरांसाठी पहारा गुंगवणे भाग होते. आरंभी सबंध शरीरावर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला. त्यात पहारा गेला तसे रुग्णही गेले. पुढे अ‍ॅझाथायोप्रिन नावाचे औषध हाती आले आणि १९६२ पासून मृत माणसाचे मूत्रपिंडही परक्याच्या देहात टिकू लागले.

येथे एका ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाचा उल्लेख केला पाहिजे. मॅक्फार्लेन बर्नेट याने १९५७ सालीच असे मांडले होते की, शरीरात बिघडलेल्या पेशी वरचेवर उत्पन्न होत असाव्यात आणि आपला हा पहाराच त्यांचा बहुतेकदा निकाल लावीत असावा. हा त्या वेळी केवळ तर्क होता. तर्क खरा असेल तर मूत्रपिंडरोपण झालेल्या माणसांत कर्करोग वाढलेला दिसावयास हवा होता. ज्यांनी रोपणे केली त्यांना हे भाकीत तपासावयाचे नव्हते. त्यांना रुग्ण जगवावयाचे होते. पण शास्त्रात कित्येकदा असे होते की, एकाने घातलेल्या कोड्याचे उत्तर दुसऱ्याच्या दवाखान्यात सापडते.

डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांच्या हाताखाली काम करणाऱ्या इस्रायल पेन या शल्यविशारदाने १९६८ साली एक नोंदवही उघडली. रोपणानंतर कर्करोग झालेला रुग्ण जेथे कोठे आढळेल तेथील डॉक्टरांनी त्याची हकीकत कळवावी, अशी विनंती त्याने सर्वत्र केली. दुसऱ्याच वर्षी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी रोपण झालेल्या रुग्णांत लसिकाग्रंथींचे कर्करोग आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर १९९९ साली मृत्यू येईपर्यंत पेनने ती वही मिटली नाही. कोणतेही नवे यंत्र त्याने शोधले नाही, कोणतीही नवी शस्त्रक्रिया त्याच्या नावाने ओळखली जात नाही. कारकुनासारखे बसून त्याने माणसे मोजली. या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस.

त्याच सुमारास बॉस्टनमध्ये एक विलक्षण प्रकार घडला. एका रुग्णाला मृत दात्याचे मूत्रपिंड बसविले होते आणि त्या दात्याला फुप्फुसाचा कर्करोग होता. कर्करोगाची बीजे नव्या मूत्रपिंडाबरोबर रुग्णाच्या शरीरात शिरली आणि पसरली. डॉक्टरांनी गुंगीची औषधे थांबविली. पहारा जागा झाला, त्याने परके मूत्रपिंड तर नाकारलेच, पण त्याबरोबर आलेला परका कर्करोगही नाकारला! ही हकीकत १९६८ साली प्रसिद्ध झाली. बर्नेटच्या तर्काला एवढे ठळक उदाहरण क्वचितच मिळाले असेल. दाता निवडताना त्याच्या देहात कर्करोग नाही ना हे कसोशीने पाहण्याची रीत अशा अनुभवांतून रूढ झाली.

आपल्या देशाची कथा याच काळात सुरू होते, आणि गंमत पाहा, ती कर्करोगापासूनच सुरू होते. हिंदुस्थानातले पहिले मूत्रपिंडरोपण मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले. तेथील शस्त्रक्रिया विभागाची धुरा तेव्हा डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांच्याकडे होती; पुढे १९६८ साली देशातले पहिले हृदयरोपण करणारे ते हेच. १९६५ च्या त्या रुग्णाची मूत्रपिंडे दीर्घ रोगाने निकामी झालेली नव्हती. त्याला ‘हायपरनेफ्रोमा’ होता, म्हणजे मूत्रपिंडाचा कर्करोग. (हे जुने नाव एका गैरसमजातून पडलेले आहे. ही गाठ मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून उगवते असे एकोणिसाव्या शतकात मानीत. ती मूत्रपिंडातच उगवते हे पुढे ठरले, पण नाव चिकटून राहिले.) मृत दात्याचे मूत्रपिंड त्याला बसविले गेले. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. आजचे नियम लावले तर अशा माणसाला रोपणापूर्वी बहुधा थांबवून ठेवतील. पण आजचे नियम १९६५ साली कोणापाशी होते? पेनची वही उघडायलाही अजून तीन वर्षे होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत नातलगाचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविले गेले, आणि तेथपासून हा उपचार आपल्याकडे स्थिरावला.

पेनच्या वहीने धोका आहे एवढे सांगितले. धोका किती, हे सांगावयास देशातल्या सर्व रुग्णांची मोजदाद हवी होती. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुमारे २९,००० मूत्रपिंड-रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. रोपणापूर्वी, डायालिसिसवर असताना, कर्करोगाचे प्रमाण थोडेसेच वाढलेले होते. रोपणानंतर ते सर्वसाधारण माणसाच्या तिपटीहून अधिक झाले. अमेरिकेत २०११ साली निरनिराळ्या इंद्रियांची १,७५,७३२ रोपणे तपासली. तेथे प्रमाण दुपटीस थोडे वर निघाले. यातली खोच अशी की, वाढ सर्वच कर्करोगांत सारखी नव्हती. ज्यांच्यामागे विषाणू असतो ते कर्करोग विशेष बळावले होते. त्याचा अर्थ उघड आहे. विषाणू आपल्या अंगात वर्षानुवर्षे दडून असतात, पहारा जागा आहे तोवर ते डोके वर काढीत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ज्यांच्या घराण्यात कर्करोगाचे बीजच जनुकावाटे चालत आले आहे, त्यांनी हे नवे मूत्रपिंड घ्यावे की न घ्यावे?

अल्फ्रेड नड्सन या अमेरिकन वैद्याने १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यातल्या एका कर्करोगाचा अभ्यास करून एक सोपी उपपत्ती मांडली. दरवाजाला दोन कड्या असतात असे समजा. दोन्ही तुटल्या तरच फितूर मोकळा होतो. सामान्य माणसाच्या पेशीत दोन्ही कड्या शाबूत असतात. त्या दोन्ही तुटायला बहुधा आयुष्य जाते. पण काही मुले एक कडी तुटलेली घेऊनच जन्मतात. त्यांच्या बाबतीत एकच तुटण्याचा अवकाश.

अशा रोगांपैकी आपल्या विषयाला सर्वांत जवळचा म्हणजे फॉन हिप्पेल आणि लिंडाऊ या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा रोग. पहिला जर्मन नेत्रवैद्य, त्याने १९०४ साली डोळ्याच्या पडद्यावरच्या गाठी वर्णिल्या. दुसरा स्वीडिश, त्याने १९२६ साली त्यांचा मेंदूतल्या व पोटातल्या गाठींशी संबंध जोडला. सदोष जनुक हाती आले ते १९९३ साली. सुमारे ३६,००० माणसांत एकाला हा रोग असतो. यात दोन्ही मूत्रपिंडांत पुन्हा पुन्हा कर्करोगाच्या गाठी उगवतात. गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत तिच्यावर नजर ठेवावयाची, मग तेवढीच कापून उरलेले मूत्रपिंड वाचवावयाचे, अशी आज रीत आहे. २०२१ पासून एक नवे औषधही अमेरिकेत मिळू लागले. तरी काही रुग्णांची दोन्ही मूत्रपिंडे काढावीच लागतात.

मग त्याला दुसरे मूत्रपिंड द्यावयाचे काय? विचार करणाऱ्याला वाटेल की, छे, ज्याच्या देहात इतके फितूर दबा धरून बसले आहेत त्याच्या पहारेकऱ्यांना अफू देणे म्हणजे वेडेपणा. कित्येक वर्षे डॉक्टरांनाही तसेच भय होते. पण एकेका इस्पितळात असा रुग्ण एखाददुसरा. त्यावरून ठरवावयाचे काय? अखेर अनेक इस्पितळांतून गोळा करून ३२ रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. रोपणानंतर त्यांची गत, त्यांच्यासारख्याच पण हा रोग नसलेल्या रुग्णांहून फारशी वेगळी निघाली नाही. जे कर्करोगाने गेले ते आधीचाच रोग पसरून गेले. बत्तीस हा आकडा किती लहान! पण त्या आकड्याने अनेकांना यंत्राच्या बंधनातून सुटण्याची वाट दाखविली. दोन्ही रोगट मूत्रपिंडे आधी काढलेली असावीत, रोग इतरत्र पसरलेला नसावा आणि उरलेल्या देहावर जन्मभर पाळत असावी, एवढ्या अटी मात्र राहिल्या.

लहान मुलांत याच जातीचा एक करुण प्रकार आहे. डेनिस या फ्रेंच डॉक्टराने १९६७ साली आणि ड्रॅश या अमेरिकन डॉक्टराने १९७० साली तो वर्णिला. बाळाची मूत्रपिंडे पहिल्या दोनतीन वर्षांतच खराब होतात, आणि त्याच मूत्रपिंडांत ‘विल्म्सची गाठ’ हा बालकांचा कर्करोग उद्भवण्याचा धोका फार मोठा. येथे डॉक्टर गाठ होण्याची वाट पाहत नाहीत. दोन्ही मूत्रपिंडे काढून टाकतात, मूल डायालिसिसवर ठेवतात आणि ते पुरेसे वाढले की नवे मूत्रपिंड बसवितात. गाठ आधीच झाली असेल तर तिचा उपचार संपल्यावर निदान वर्षभर, आणि काही ठिकाणी दोन वर्षे, थांबतात. ही थांबण्याची मुदत कोणी तर्काने ठरविली नाही. घाईने रोपण केलेल्या मुलांत गाठ परतलेली पेनच्या वहीत दिसली, त्यावरून ती ठरली.

सगळेच आनुवंशिक रोग या बाबतीत वाईट असतात असे मात्र नाही. मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या भरण्याचा जो रोग आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो, त्याच्या रुग्णांना रोपणानंतर कर्करोग अधिक होत असेल असा पुष्कळांचा अंदाज होता. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मोजणीत वय वगैरे गोष्टींची वजावट केल्यावर तो इतर रोपित रुग्णांपेक्षा कमीच निघाला. अंदाज आणि मोजणी यांत हा असा फरक असतो.

आणखी एका औषधाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पॅसिफिक महासागरातील रापा नुई बेटावर १९६४ साली कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने मातीचे नमुने गोळा केले. माँट्रियलच्या एका औषधी प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या शास्त्रज्ञाने त्या मातीतल्या जंतूपासून एक द्रव्य वेगळे काढले आणि बेटावरून त्याला ‘रापामायसिन’ हे नाव पडले. सेहगल यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा, शिक्षण बनारसचे. ती प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा त्यांनी तो जंतू घरच्या शीतपेटीत जपून ठेवला. १९९९ साली हे द्रव्य मूत्रपिंडरोपणात पहारा गुंगवण्यासाठी अमेरिकेत मान्य झाले. पण त्याचा दुसरा गुण असा की, पेशींची वाढच ते रोखते. बूर्नविल या फ्रेंच वैद्याने १८८० साली वर्णिलेल्या ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस’ या दुर्मिळ रोगात मूत्रपिंडावर रक्तस्राव करणाऱ्या गाठी येतात. रापामायसिनचेच भावंड असलेले एव्हरोलिमस १३ वर्षांनी, म्हणजे २०१२ च्या सुमारास, त्या गाठींवर औषध म्हणून मान्य झाले. म्हणजे ज्या अफूने पहारेकरी झोपतो तिनेच फितुराचे हातपाय बांधले जातात! हे ऐकून कोणी त्याला अमृत म्हणेल, तर थांबावे. २०१४ साली निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा या औषधाने रोपित रुग्णांत कर्करोग घटलेले दिसले, पण एकंदर मृत्यू वाढलेले दिसले. म्हणून ते सरसकट न देता माणूस पाहून देतात.

हे सारे परदेशचे झाले. आपल्या मुलखाचे काय, असे आपण विचाराल. मोजण्याचे काम आपल्या अगदी शेजारी झालेले आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या कक्षेत बार्शी तालुक्याबरोबर आपल्या धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही होते. खेडोपाडी फिरून, घरोघर विचारून, कोणाला कोणता कर्करोग झाला हे लिहून घेणारी माणसे या भागाने पाहिलेली आहेत. पेनचे काम डेन्व्हरमध्ये जेवढे अवघड, तेवढेच ते परंड्याच्या शिवारात.

आणि येथेच तुमच्याआमच्या घराचा प्रश्न येतो. आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांकडून मिळतात. १९९४ च्या कायद्याने आईबाप, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि पतिपत्नी यांना जवळचे नातलग मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा आणि नातवंडे त्यात आली. आईने मुलाला, भावाने भावाला मूत्रपिंड द्यावे यापरते दान नाही. परंतु रोग आनुवंशिक असेल तर त्या भावाच्या देहातही तीच तुटकी कडी असू शकते. हिप्पेल-लिंडाऊच्या रोगात ही शक्यता निम्मी असते. ती न तपासता त्याचे मूत्रपिंड काढले तर दोन माणसांचे नुकसान होते: घेणाऱ्याच्या पदरी गाठ उगवणारे मूत्रपिंड पडते, आणि देणाऱ्यापाशी तसलेच एक उरते.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल अजून आहे. तिची निंदा करावयाला मी उभा नाही. पण स्विस डॉक्टर फांकोनी याने १९२७ साली वर्णिलेल्या पांडुरोगासारखे काही रोग आईबाप दोघांकडून दोष आला तरच प्रकटतात, आणि एकाच रक्ताच्या लग्नात तसा योग अधिक येतो. त्या रोगात मूत्रपिंडांची ठेवण पुष्कळदा जन्मतः सदोष असते, आणि तोंड-घशाचा कर्करोग अल्पवयात होण्याचा धोका असतो. अशा मुलाला मूत्रपिंड बसविण्याचा विचार करणाऱ्या डॉक्टराला घराण्याची हकीकत ठाऊक नसेल तर तो अंधारात चालतो.

महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोण कोणास दत्तक गेला, कोणाची सोयरीक कोठे झाली, सगळे त्यात सापडते. माणूस कशाने गेला, हे मात्र सहसा सापडत नाही. ‘अल्पवयात निवर्तले’ या दोन शब्दांत तीन पिढ्यांचा रोग झाकून जातो. मुलीचे लग्न अडेल म्हणून आत्याचा आजार लपवावयाचा, ही आपली जुनी रीत. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला बखरीतल्या गाळलेल्या मजकुराचा जेवढा राग येतो, त्याहून अधिक या गाळलेल्या ओळीचा येतो.

केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मिळ रोगांविषयीचे धोरण जाहीर केले. ज्या मूत्रपिंडरोगांत रोपण हाच इलाज आहे अशा काही आनुवंशिक रोगांचा समावेश त्यात आहे, आणि त्या धोरणाखाली निवडलेल्या केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, १९६५ चे तेच. रुग्ण आला की त्याच्या भावंडांची, आईबापांची विचारपूस होते, रक्तातली जनुके तपासता येतात. समजा तपासणीत भावाच्या देहातही तोच दोष निघाला. त्याचे मूत्रपिंड घेतले जाणार नाही, आणि घरात त्या दिवशी रडारड होईल. परंतु दोष कळल्यामुळे त्या भावाच्या पोटाची तपासणी दरवर्षी होऊ लागेल, आणि त्याची गाठ एक सेंटिमीटरची असतानाच सापडेल. द्यावयास आलेला माणूस द्यावयाचे राहून स्वतःच वाचलेला असतो.